मागचं दार

१

संकष्टीला मोदक घेऊन लोणावळ्याला जायचं, हे माझं लग्नानंतर लवकरच सुरू झालं. नेम म्हणून धरला नव्हता, पण मोडलाही नाही. आम्ही तळेगावात घोरावाडी स्टेशनजवळ राहतो. दुपारच्या लोकलला बसायला जागा असते. डबा मांडीवर घ्यायचा, अथर्वशीर्ष म्हणत राहायचं. मळवली मागे पडली की हवा बदलते, पदर अंगाभोवती ओढून घ्यावासा वाटतो. उतरून रिक्षाने इंदिरामावशींचं घर. दिवेलागण तिथे करायची आणि चंद्रोदयाच्या आत घरी परतायचं.

इंदिरामावशी म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, अतुलच्या, सख्ख्या मावशी. त्यांचे यजमान गंगाधरकाका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि घरामागच्या स्टुडिओत स्वतःची चित्रं काढायचे. अतुल शाळेत होता तेव्हा एका संध्याकाळी ते गेले आणि परत आले नाहीत. भांडण नव्हतं, आजार नव्हता. शोध झाला, पेपरात फोटो छापून आला. काही कळलं नाही. मावशींनी कुंकू पुसलं नाही. माझ्या प्रत्येक उद्यापनाला पहिली सवाष्ण म्हणून मी त्यांनाच बोलवायची. घरातल्या काही बायका ओठ मुडपायच्या. मी लक्ष द्यायची नाही. ज्याला गेलेला कुणी पाहिलं नाही, तो गेला असं आपण कशाला म्हणायचं?

मावशींची एकच गोष्ट मला खटकायची. तिन्हीसांजेला पुढचं दार उघडायचं आणि मागचं लावून घ्यायचं, ही आपल्याकडची रीत. लक्ष्मी पुढून येते, ती मागून निघून जाऊ नये. मावशी नेमकं उलट करायच्या. दिवा लावला की त्या स्वयंपाकघरातून मागे जायच्या आणि मागचं दार सताड उघडायच्या. थंडीत तिथून धुकं आत यायचं आणि देवघरातल्या ज्योतीला वेढा घालून बसायचं.

एकदा मी हळूच म्हटलं, "मावशी, लावून घेऊ का? गार वारा येतोय."

"राहू दे गं. त्याला वाऱ्याचं काय, सवय आहे."

त्याला म्हणजे दिव्याला, असं मी समजले.

२

दार उघडं ठेवून बघण्यासारखं तिथे काही उरलेलंही नव्हतं. स्टुडिओ पाडून ती जागा कधीच विकली गेली होती. आता मधे अंगणाची अरुंद पट्टी, मग उंच भिंत आणि भिंतीपलीकडे शनिवार-रविवार भाड्याने जाणारा बंगला. त्याच्या पोहण्याच्या तलावातून पोरांचा आरडाओरडा यायचा, गाणी यायची.

स्टुडिओ उरला होता तो फक्त चित्रात. देवघरासमोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत ते चित्र असायचं. कोळशाने काढलेलं, रंग अजिबात नाही. उत्तरेची मोठी खिडकी, तिचा उजेड फरशीवर तिरका पडलेला. पाठमोरा उभा इझल. स्टूल, स्टुलावर फडकं. खुंटीला अडकवलेला सदरा, त्याचा एक खांदा खाली ओघळलेला. कोपऱ्यात माठ, त्याच्यावर पालथा पेला. हात पुढे केला तर पेला थंड लागेल असं वाटायचं. मागच्या भिंतीत एक दार. माणूस एकही नाही. पण खोली रिकामी वाटायची नाही. आत्ता कुणीतरी उठून गेलंय आणि स्टुलाचं फडकं अजून गरम आहे, असं वाटायचं.

काच पुसायचं काम मी स्वतःकडे घेतलं होतं. एका संकष्टीला पुसता पुसता हात थांबला. चित्रातल्या दाराच्या कडेला काळी रेघ होती. दार आणि चौकट यांच्यामधली फट. ती आधी इतकी रुंद होती? मी चष्मा काढून पुसला. लोणावळ्याची दमट हवा, कागद फुगतो, सरकतो. तरीही मी हात जोडले. देवघराकडे जोडले की चित्राकडे, ते आता सांगता येणार नाही.

मावशींकडे कामाला कार्ल्याहून धोंडाबाई यायच्या. त्यांना विचारलं, तर त्या भांडं विसळत म्हणाल्या, "मला इचारू नका वैनी. मी त्या फोटूकडं बगतच न्हाई."

"का बरं?"

"का म्हंजी? कोळशाचं काम घरात काय कमी हाय? रोज सकाळी हितं पायरीवर काजळी पडती. ही बगा, बोटाला लागती. चुलीची म्हनावी तर घरात ग्यास. मी आपली पुसती." मग आत बघून मोठ्याने म्हणाल्या, "मावशी, दार असंच उघडं टाका तुमी. एक दिस माकडं कुकर घिऊन जात्याल, मग बसा."

आतून मावशींचं हसू ऐकू आलं. "न्यावा. भात तरी आयता खातील."

३

पुण्याच्या एका कलादालनाला गंगाधरकाकांच्या काळातल्या मास्तर-चित्रकारांचं प्रदर्शन भरवायचं होतं. त्यासाठी इरावती नावाची मुलगी आली. नम्र, केस वर बांधलेले, हातात पांढरे मोजे. चित्र खरंच त्यांचंच का, कुणाकडून कुणाकडे गेलं, याचा माग काढणं हे तिचं काम. मावशींनी ओळख पटवायला कुणीतरी घरचं हवं म्हणून मला बोलावून घेतलं होतं.

"माग कसला त्यात," मावशी म्हणाल्या. "ते गेले त्या संध्याकाळी इझलवर होतं. चौकट मी करून घेतली. एकदा पुण्याला प्रदर्शनात नेलं होतं, त्यांच्या विद्यार्थ्यांनी हट्ट केला म्हणून. लोक बघतील, कुणाला काही ठाऊक असेल तर सांगतील. तेवढंच. मग इथे आलं ते या खिळ्यावरून हललं नाही."

इरावतीने चौकट उतरवली, उलटी केली. मागे डिंकाने चिकटवलेला तपकिरी कागद जसाच्या तसा होता, कडा कुठेही उचकटलेल्या नाहीत. "कधीच उघडलेली नाही," ती म्हणाली. "आणि काकू, हे फार जपा. कोळसा कागदावर धरून राहावा म्हणून वर फवारा मारतात, तो यावर मारलेला नाही. म्हणजे नुसती भुकटी आहे. बोट लागलं तर पुसलं जाईल. काच आहे म्हणून टिकलं."

मग तिने फोनवर एक जुना फोटो काढला. त्या पुण्याच्या प्रदर्शनातला, कुणा विद्यार्थ्याने जपलेला. तिने फोन चित्राशेजारी धरला आणि एकदा फोनकडे, एकदा चित्राकडे बघू लागली.

मीही वाकून पाहिलं. खिडकी तीच, सदरा तोच. खालच्या कोपऱ्यात चुकून उमटलेला अंगठ्याचा ठसाही तोच, तसाच वाकडा. फक्त फोटोतलं दार बंद होतं.

आमच्या समोरच्या चित्रात ते हातभर उघडं होतं. आणि त्या फटीत खाली, उंबऱ्याच्या पलीकडे, चपलेचं टोक होतं. काळ्यात काळं. दाखवल्याशिवाय दिसू नये, आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसू नये, असं.

"दुसरी प्रत असणार," इरावती स्वतःशीच म्हणाली. "कलाकार एकच विषय पुन्हा काढतात. होतं असं." पण तिची नजर त्या अंगठ्याच्या ठशावर होती. तोही कुणी पुन्हा काढतं का, असं मी तिला विचारलं नाही. चहा न घेताच ती निघाली. "मी कळवते, आजी," म्हणाली, आणि तिचं काही कळवणं आलं नाही.

४

ती गेल्यावर मावशींनी मला जवळ बसवलं.

"तुला दिसलं ना?"

मी मान हलवली.

"वर्षानुवर्षं काही नव्हतं. नुसतं बंद. मग एका दिवाळीत कडेला केसाएवढी रेघ. मला वाटलं, म्हातारपणाचे डोळे. कुणाला सांगणार? अतुलने मला डॉक्टरकडे नेलं असतं."

मग त्यांनी ती संध्याकाळ सांगितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

काका उजेड असेपर्यंत स्टुडिओत काम करायचे आणि अंधारलं की मागच्या दाराने घरात यायचे. दार मावशींनी रीतीप्रमाणे लावून घेतलेलं असायचं. ते थापायचे, मावशी उघडायच्या. बोटं कोळशाने काळी असायची. दार काळं होतं म्हणून मावशी एकदा ओरडल्या, तेव्हापासून ते तळहात लावायचे नाहीत, हात उलटा करून थापायचे. मऊ आवाज यायचा, उशीवर थाप मारावी तसा.

"मार्गशीर्षातला गुरुवार होता. मी घट मांडून कहाणी वाचायला बसले होते. मध्यावर आले आणि दार वाजलं. कहाणी अर्धी टाकून उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. तुलाही माहीत आहे. मी वाचत राहिले. परत वाजलं. मी जरा भरभर वाचलं, एवढंच केलं. फळ वाचलं, अक्षता वाहिल्या, मग उठले." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "कुणी नव्हतं. स्टुडिओत दिवा चालू, आणि हे चित्र इझलवर. तोपर्यंत कधी माणसाशिवाय चित्र काढलं नव्हतं त्यांनी."

"मावशी, त्यात तुमचं काय चुकलं? दार उघडलं नाही म्हणून कुणी घर सोडून जातं का?"

"जात नाही गं. म्हणूनच तर कळत नाही."

बाहेर अंधारून येत होतं. त्या उठल्या, दिवा लावला आणि मागचं दार उघडून आल्या. परतताना चित्रासमोर थांबल्या. मी कधी पाहिला नव्हता असा चेहरा. लग्नघरात वरात गल्लीच्या तोंडाशी आल्यावर बायकांचा होतो तसा.

"माझ्या हयातीत उघडेल असं वाटतं," त्या म्हणाल्या. "आता फार राहिलं नाही."

५

मार्गशीर्ष लागला आणि मावशींना ताप आला. छातीत कफ, अंगात उभं राहायचं बळ नाही. तळेगावला चला म्हटलं तर मान हलवेनात. मग मीच कपडे घेऊन तिकडे राहायला गेले. अतुल फोनवर म्हणाला, "तू तिकडे, मी इकडे. आता मोदकांसाठी मला लोकल पकडावी लागणार."

"ये ना. भांडी घासायलाही माणूस हवंय."

मी असताना दार उघडायचं काम माझ्याकडे आलं. मनाला पटत नव्हतं, पण मावशींच्या शब्दासाठी रोज करायची. उघडलं की अंगणाच्या पट्टीतलं धुकं पायाशी यायचं. भिंत असल्यामुळे तिथून कुणी येण्याचा प्रश्नच नव्हता, हे मी स्वतःला बजावायची. आणि सकाळी पायरीवर काजळी असायची. धोंडाबाई पुसून घ्यायच्या. "आज लय हाय," एवढंच म्हणायच्या.

चित्राकडे मी दिवसाउजेडी बघायची. दार आता अर्ध्याहून जास्त उघडं होतं. चपलेच्या वर काळोखात काहीतरी जास्त काळं होतं. ते धोतर होतं, सावली होती, की माझं मन, मला सांगता आलं नसतं. पण भीती वाटत होती असं म्हटलं तर ते पुरतं खरं होणार नाही. भीतीच्या आत कुठेतरी एक आनंद होता. मावशींच्या उशाशी बसून मी गजानन महाराजांचा जप करायची आणि मनात म्हणायची, एवढं घडू दे.

६

गुरुवार आला. माझं व्रत मी लग्नापासून कधी चुकवलेलं नाही. घर कुणाचंही असो, घट मांडायचा. सकाळी धोंडाबाईंनी कार्ल्याहून आंब्याचे डहाळे आणले. कलशावर नारळ ठेवला, त्याला मावशींच्या पेटीतलं खणाचं कापड नेसवलं. मावशींनी पलंगावरून बघितलं आणि हात जोडले.

संध्याकाळी दिवा लावला, उंबऱ्यावर रांगोळीची पावलं काढली, पुढचं दार उघडलं. लक्ष्मीचा वार. अंगात तेच भरलेलं होतं. स्वयंपाकघरातून नैवेद्याचं ताट घेऊन आले, पाटावर बसले आणि पोथी उघडली.

कहाणी मला पाठ आहे, तरी बोट ओळीवरून फिरवत वाचते. मध्यावर आले. बंगल्याकडची गाणी त्या दिवशी नव्हती. घरात मावशींच्या श्वासाची घरघर आणि माझा आवाज, एवढंच.

मागे थाप पडली.

मऊ. उशीवर हात मारावा तशी.

माझ्या मनात आलं, मागे थाप कशी पडेल, मागचं दार तर मी मघाशीच उघडलंय. आणि त्याच क्षणी हाताला आठवलं. ताट घ्यायला स्वयंपाकघरात गेले होते तेव्हा माझ्या हाताने कडी घातली होती. मी नाही, हाताने. लक्ष्मीच्या वारी तिन्हीसांजेला तो हात आईच्या घरापासून तेच करत आला होता.

आतून मावशींचा आवाज आला. "अनघा. दार."

उठायला हवं होतं. दोन्ही तळवे पाटावर टेकलेही होते. पण कहाणी अर्धी होती. देवी घटावर बसलेली. आणि मावशींच्या बऱ्या होण्यासाठीच तर मी संकल्प सोडला होता. अर्धी टाकली आणि त्यांनाच काही झालं तर? थोडंसंच उरलंय, म्हटलं. मी भरभर वाचू लागले.

परत थाप पडली. या वेळी आवाज वेगळा होता. उघड्या तळहाताचा. आणि मग काहीतरी दारावरून सावकाश खाली घसरत गेल्यासारखं.

मी वाचून संपवलं. अक्षता वाहिल्या. मग धावले.

७

कडी काढायला वेळ लागला. बाहेर धुकं होतं, भिंत होती, धोंडाबाईंनी पालथी घातलेली बादली होती. पायरी स्वच्छ होती. काजळीचा कणही नव्हता. मी "काका" म्हणून हाक मारली. त्यांना मी आयुष्यात कधी पाहिलेलं नाही, आणि तरी आपल्या माणसाला मारावी तशी हाक तोंडातून गेली.

आत वळताना दाराच्या बाहेरच्या अंगाकडे लक्ष गेलं. खांद्याच्या उंचीवर तळहात उमटला होता. पाचही बोटं, कोळशाची. तिथून खाली लांब ओरखडा, फिका होत गेलेला.

मी चित्रासमोर गेले तेव्हा दिवा हातात होता. न्यायला नको होता.

चित्रातलं दार बंद होतं. फट नव्हती, चपलेचं टोक नव्हतं. आणि त्या बंद दारावर, काचेच्या आत, जिथे कुणाचं बोट पोचू शकत नाही तिथे, कोळसा पुसला गेला होता. पाच बोटांचा पांढरा तळहात, आणि त्याच्या खाली ओढलेली पांढरी रेघ. खुंटीवर सदरा नव्हता. उत्तरेच्या खिडकीत, अगदी काठावर, काहीतरी निघून जात होतं. खांदा असावा. एक बाजू खाली ओघळलेली. मी दिवा जवळ नेला, काचेवर उजेड चमकला, आणि मग तिथे फक्त खिडकी होती.

मावशींच्या खोलीत गेले. काय सांगायचं ते सुचत नव्हतं. त्यांचे डोळे उघडे होते, छताकडे.

"कहाणी पूर्ण केलीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी माझा हात शोधून हातात घेतला. म्हणाल्या, "मीही केली होती."

८

मावशी पौष लागायच्या आत गेल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, मला बोलही लावला नाही. शेवटच्या दिवसांत मागचं दार सकाळ-संध्याकाळ उघडं असायचं. माकडांनी खरंच एक पातेलं नेलं. धोंडाबाई रडत रडत हसल्या.

न्यायच्या आधी बायका मला बाजूला घेऊन विचारू लागल्या. हिरवं नेसवायचं का? ओटी भरायची का? इतकी वर्षं झाली, माणूस काय असेल-नसेल, उगाच कशाला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या घरात ते सांगू शकेल अशी मी एकटीच उरले होते.

"लावा कुंकू," मी म्हटलं. "भरून लावा."

घर विकायला काढलं आहे. त्या दारावर रंगाऱ्याने रंग दिला, तेव्हा मी मुद्दाम गेले नाही. चित्र मी तळेगावला आणलं. अतुलला दाखवलं तर तो म्हणतो, दमट हवेने कोळसा सुटला असणार. तसंही असेल. मी वाद घालत नाही. पण त्याला सांगून मी बेल मात्र काढून टाकायला लावली. बेल वाजवायची सवय त्यांना नाही.

आमच्या फ्लॅटला मागचं दार नाही. लक्ष्मी यायची आणि माणूस यायचा, वाट एकच. यंदा मार्गशीर्षात मी पाट हॉलमध्ये न मांडता दाराजवळच मांडला, इतका जवळ की बसल्या जागेवरून कडीला हात पोचावा. कहाणीही मोडणार नाही आणि दारही उघडायचं राहणार नाही. शेजारच्या कोमलने विचारलं, "काकू, इथे चपला काढायच्या जागी घट?" मी म्हटलं, चालतं गं.

परवा काच पुसताना चित्रातल्या दाराच्या कडेला एक रेघ दिसली. केसाएवढी. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. मग तिथेच हात जोडून उभी राहिले, आणि आनंद व्हायच्या आधी मनात दुसरंच आलं. ते येतील ते मावशींसाठी येतील. मावशी आता नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलं असेल?

आता रोज तिन्हीसांजेला दिवा लावते, दार उघडते आणि बसून राहते. दारात उभं राहून त्यांना पहिल्यांदा काय सांगायचं, त्याचे शब्द जुळवत.